घड्याळ, घमेलं आणि चाळीस पावलं
(वर्क स्टडीची तोंडओळख)

इंडस्ट्रियल इंजिनीअरिंग हा विषय आपल्याकडे परीक्षेच्या आदल्या रात्री वाचण्याचा विषय समजला जातो. "थिअरी आहे रे, लिहून काढता येतं" असं सीनियर सांगतात आणि आपणही डोळे मिटून विश्वास ठेवतो. मीही ठेवला होता. वर्क स्टडीची व्याख्या, त्याचे सहा टप्पे, पाच चिन्हं, प्रमाण वेळेचं सूत्र हे सगळं पाठ केलं, पेपरात उतरवलं आणि विसरून गेलो. ते पुन्हा आठवायला मला गावाकडे जावं लागलं, तेही हळद शिजवायच्या दिवसांत.

माझं गाव साखरा, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली. आमच्याकडे सोयाबीन, तूर, कापूस आहेच, पण घराचं वर्षाचं गणित जुळवते ती हळद. हिंगोली हा महाराष्ट्रातल्या मोठ्या हळद पिकवणाऱ्या जिल्ह्यांपैकी एक. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण हळद शेतातून निघाली म्हणजे काम संपलं असं नाही, खरं काम तिथून सुरू होतं. कंद काढायचे, माती झाडायची, जेठे गड्डे आणि हळकुंडं वेगळी करायची, शिजवायची, दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवायची, मग ड्रममध्ये घालून पॉलिश करायची. पाच क्विंटल ओल्या हळदीची जेमतेम एक क्विंटल वाळकी हळद होते. म्हणजे जो माल आपण विकतो त्याच्या पाचपट वजन कुणाच्या तरी डोक्यावरून इकडून तिकडे गेलेलं असतं. ते कुणाच्या डोक्यावरून गेलं आणि किती लांब गेलं, हा प्रश्न मला त्याआधी कधी पडला नव्हता.

माझी चूक

गेल्या वर्षी मी सुट्टीत घरी गेलो तेव्हा खळ्यावर कुकर लागला होता. पूर्वी मोठ्या काहिलीत हळद शिजवायचे. आता ट्रॅक्टरला जोडून आणता येणारा, बॉयलर आणि ड्रम असलेला वाफेचा कुकर असतो. खाली पऱ्हाट्या-तुराट्यांचा जाळ, वर वाफ, आणि चार बायका ढिगातली हळद घमेल्यात भरून ड्रमपर्यंत नेतायत. त्या बायका रोजाने आलेल्या होत्या. कुकरवाल्याचं मात्र गुत्तं होतं, क्विंटलमागे ठरलेला दर. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझ्या डोक्यात नुकतीच दिलेली परीक्षा होती. मी मोबाईलचं स्टॉपवॉच लावलं, वही घेतली आणि लिंबाखाली उभा राहून एकेका फेरीची वेळ टिपू लागलो. पाच-सहा फेऱ्या झाल्या असतील. त्यातल्या सगळ्यात वयस्क मावशी घमेलं खाली ठेवून माझ्याकडे आल्या.

"बापू, घड्याळ लावून मोजायलास का आम्हाला?"

मी गडबडलो. म्हटलं, "नाही मावशी, कॉलेजचा अभ्यास आहे."

"अभ्यास करायलास तर कर की. पर आम्ही किती जोरानं चालतो ते कशाला बघतोस? ढीग कुठं टाकलाय ते बघ की आधी."

एवढं बोलून त्या परत कामाला लागल्या. मी ढिगाकडे पाहिलं आणि मग कुकरकडे. मधलं अंतर पावलांनी मोजलं, ते चाळीसच्या आसपास भरलं. वर्क स्टडीचा पहिला धडा मला पुस्तकानं शिकवला होता, तो मी विसरलो होतो आणि मावशींनी तो पुन्हा शिकवला. आधी पद्धत बघायची, वेळ नंतर मोजायची.

वर्क स्टडी म्हणजे काय?

वर्क स्टडी म्हणजे कार्य-अभ्यास. त्याचे दोन भाग आहेत. पहिला मेथड स्टडी, म्हणजे काम कसं होतंय ते नोंदवून, तपासून, त्याहून सोपी रीत शोधणं. दुसरा वर्क मेजरमेंट, म्हणजे त्या सुधारलेल्या रीतीने काम करायला सरावलेल्या माणसाला वाजवी वेगाने किती वेळ लागेल ते ठरवणं. हा क्रम महत्त्वाचा आहे. वाईट रीत तशीच ठेवून वेळ मोजला तर आपण फक्त वाईट रीतच पक्की करतो, आणि वर माणसाला "जरा हात चालव" म्हणून सांगतो.

हे दोन भाग दोन वेगळ्या माणसांच्या कामातून आले. घड्याळ आलं फ्रेडरिक टेलर या अमेरिकन इंजिनीअरकडून. त्याचं 'प्रिन्सिपल्स ऑफ सायंटिफिक मॅनेजमेंट' हे पुस्तक १९११ चं. हालचालींचा अभ्यास आला फ्रँक गिलब्रेथकडून. हा माणूस १८८५ मध्ये गवंड्याच्या हाताखाली उमेदवार म्हणून लागला. त्याच्या लक्षात आलं की प्रत्येक गवंडी वीट वेगळ्या तऱ्हेने रचतो, आणि तोच गवंडी घाईत असला की आणखी वेगळ्या तऱ्हेने. एका विटेमागे साधारण १८ हालचाली होत होत्या, त्या त्याने ५ पर्यंत आणल्या. ताशी १२० विटांच्या जागी ३५० विटा रचल्या जाऊ लागल्या.

पण हे कसं झालं ते बघण्यासारखं आहे. गवंड्याला त्याने जोरात काम करायला लावलं नाही. विटा आणि माल कमरेच्या उंचीला राहील अशी वर-खाली सरकवता येणारी परात त्याने बनवली. त्याआधी गवंडी एका विटेसाठी स्वतःचं अख्खं अंग वाकवून पुन्हा उचलत होता. वीट दोन-अडीच किलोची आणि माणूस साठ-सत्तर किलोचा, म्हणजे विटेपेक्षा माणसाचीच उचल जास्त होत होती!

फ्रँक १९२४ मध्ये वारला. त्याची पत्नी लिलियन गिलब्रेथ स्वतः मानसशास्त्राची डॉक्टरेट होती. तिने पुढे हाच अभ्यास घरच्या स्वयंपाकघरात नेला. पायाने उघडायची कचऱ्याची बादली आणि फ्रिजच्या दाराच्या आतले कप्पे ह्या कल्पना तिच्या नावावर सांगितल्या जातात.

आपल्या देशात हे शास्त्र पद्धतशीरपणे आलं ते स्वातंत्र्यानंतर. १९५२ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं एक तज्ज्ञ पथक भारतात आलं आणि त्याने कापड व इंजिनीअरिंग उद्योगांत वर्क स्टडीचे प्रयोग केले. १९५८ मध्ये राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापन झाली. १९६३ मध्ये मुंबईत पवईला 'निटी' ही संस्था उभी राहिली. आपल्यापैकी बरेच जण तिचं नाव ऐकून आहेत; २०२३ पासून ती आयआयएम मुंबई झाली आहे. आपण अजूनही ज्या पुस्तकावरून हा विषय शिकतो ते कामगार संघटनेचं 'इंट्रोडक्शन टू वर्क स्टडी', त्याची पहिली आवृत्ती १९५७ ची.

सहा टप्पे, खळ्यावर

मेथड स्टडीचे टप्पे असे: काम निवडा, नोंदवा, तपासा, नवी रीत बसवा, अंमलात आणा, टिकवा. पुस्तकात हे फार कोरडं वाटतं, म्हणून खळ्यावरचंच सांगतो.

निवड : सगळीच कामं तपासायची नसतात. जिथे गर्दी, खोळंबा किंवा अंगमेहनत जास्त, ते काम आधी. आमच्याकडे ते ढीग ते ड्रम असं होतं.

नोंद : यासाठी पाच चिन्हं आहेत. गोल म्हणजे क्रिया, चौकोन म्हणजे तपासणी, बाण म्हणजे वाहतूक, इंग्रजी डीसारखं चिन्ह म्हणजे खोळंबा, आणि उलटा त्रिकोण म्हणजे साठवण. मी एका घमेल्याचा प्रवास लिहून काढला. ढिगात पडून (त्रिकोण), वाकून भरणं (गोल), डोक्यावर घेणं (गोल), चाळीस पावलं (बाण), ड्रमपाशी पुढच्या बाईचं रिकामं होईपर्यंत उभं राहणं (डी), ओतणं (गोल), रिकामं परत चाळीस पावलं (बाण). एवढ्या सगळ्यात मालाला उपयोगी अशी एकच गोष्ट, हळद ड्रममध्ये पडणं. बाकी सगळं तिथपर्यंत पोहोचण्यासाठीच.

मग थर्माकोलच्या तुकड्यावर खळ्याचा नकाशा काढला, ढीग, कुकर, बोअरची पाइप आणि वाळवणीची जागा इथे टाचण्या लावल्या आणि प्रत्येक फेरीला सुतळीचा एक पदर ओढला. ह्याला स्ट्रिंग डायग्राम म्हणतात. थोड्याच वेळात दोन टाचण्यांच्या मध्ये सुतळीचा जाड दोर झाला. वडील आले, त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "एवढं चालणं होतंय व्हय!" जे बोलून कळलं नसतं ते सुतळीने दाखवलं.

हिशेबच मांडायचा तर असा मांडा. समजा एका ड्रमला २० घमेली लागतात आणि दिवसाला ३० ड्रम निघतात. म्हणजे ६०० फेऱ्या. जाऊन-येऊन ८० पावलं धरली तर ४८,००० पावलं. एक पाऊल ०.६ मीटर धरलं तर २८.८ किलोमीटर. चौघींत वाटलं तर प्रत्येकीला ७.२ किलोमीटर, त्यातलं निम्मं डोक्यावर ओझं घेऊन. आता ढीग १५ पावलांवर आणला तर तेच अंतर प्रत्येकीला २.७ किलोमीटर होतं. यात कुणी एक पाऊलही जोरात टाकलेलं नाही.

तपासणी : इथे प्रश्न विचारायचे. हे काय होतंय आणि का? इथेच का? आत्ताच का? हिनेच का? असंच का? आणि प्रत्येक 'का' नंतर, दुसरं काय करता येईल? ढीग तिथेच का? तर ट्रॅक्टरवाल्याला ट्रॉली वळवायला तिथे सोपं जातं. कुकर तिथेच का? तर बोअरची पाइप तिथपर्यंतच पुरते. म्हणजे एकाचं वळण आणि एका पाइपची लांबी यावर चार बायकांचे सात-सात किलोमीटर ठरले होते, आणि हे कुणी मुद्दाम ठरवलेलंही नव्हतं. बहुतेक ठिकाणी असंच असतं. जुनी रीत कुणी विचार करून घातलेली नसते, ती पडून गेलेली असते.

नवी रीत : पाइपला एक तुकडा जोडला. कुकर ढिगाच्या आणि वाळवणीच्या मध्ये सरकवला. ट्रॉली उलटी घेऊन कुकरजवळ रिती करायला सांगितली. जवळच्या दगडी ओट्यावर जास्तीची घमेली ठेवली, म्हणजे ड्रम रिकामा होत असताना पुढची घमेली भरून तयार राहतील आणि ती जमिनीवरून नाही तर कमरेच्या उंचीवरून उचलता येतील. ओट्याची सूचना मावशींचीच. गिलब्रेथचं नाव त्यांनी ऐकलेलं नाही, पण कंबर त्यांचीच आहे.

अंमल आणि टिकवण : पहिल्या दिवशी सगळं छान झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टरवाल्याने ट्रॉली पुन्हा जुन्याच जागी रिती केली! सवय मोडत नाही. म्हणून शेवटचा टप्पा 'टिकवणं' हा आहे. वडिलांनी जुन्या जागेवर बैलगाडी आडवी लावली, तेव्हा कुठे नवी रीत टिकली.

माणूस आणि यंत्र

इथपर्यंत मला वाटत होतं की जेवढं चालणं कमी करू तेवढं काम लवकर संपेल. ते पूर्ण खरं नाही. कुकरला दोन ड्रम असतात. एक शिजत असतो तोवर दुसरा रिकामा करून भरायचा. ह्याचा मल्टिपल अ‍ॅक्टिव्हिटी चार्ट काढतात, म्हणजे एका उभ्या पट्टीत यंत्र आणि शेजारच्या पट्टीत माणसं, आणि कोण केव्हा रिकामं आहे ते बघायचं.

पुन्हा हिशेबासाठी आकडे धरू. शिजायला १५ मिनिटं, आणि रिकामं करून भरायला २० मिनिटं. मग दर वीस मिनिटांत बॉयलर पाच मिनिटं नुसता बसून आहे, पऱ्हाट्या जळतायत, वाफ वाया जातेय. ३० ड्रमला ६०० मिनिटं, म्हणजे दहा तास. नव्या रीतीने भरणं १४ मिनिटांवर आलं तर प्रत्येक फेरा १५ मिनिटांचा होतो, ३० ड्रमला ४५० मिनिटं, साडेसात तास. बायकांना दर फेऱ्यात एक मिनिट पाणी प्यायला मिळतं ते वेगळंच.

आता विचार करा. चौघींना आणखी पळवून भरणं १० मिनिटांवर आणलं तर काय होईल? काहीच नाही. शिजायला १५ मिनिटं लागणारच. म्हणजे अडणारी जागा आता बॉयलर आहे, माणूस नाही. कुठल्याही कारखान्यात, ऑफिसात, अडणारी जागा कुठली ते न बघता सगळ्यांना "वेग वाढवा" सांगणारा माणूस लोकांना दमवतो, पण काम काही वाढवत नाही.

घड्याळ कसं वापरावं

आता घड्याळाकडे येऊ. ते वाईट नाही, पण त्याचा हिशेब पूर्ण करावा लागतो. मी जेव्हा लिंबाखाली उभा राहून मोजत होतो तेव्हा त्या बायका नेहमीपेक्षा जोरात चालत होत्या, कारण मालकाचा मुलगा बघत होता. समजा मला एका फेरीला ५० सेकंद दिसले. पण हा वेग रोजचा नाही, घाईचा आहे, म्हणून त्याला १२० चं रेटिंग दिलं (रोजचा वाजवी वेग १०० धरून). मूळ वेळ झाली ५० गुणिले १२० भागिले १००, म्हणजे ६० सेकंद. आता त्यावर सवलत द्यायची. पाणी पिणं, थकवा, उभं राहणं, ओझं, वाफेची आणि उन्हाची धग. हे सगळं मिळून समजा २५ टक्के. प्रमाण वेळ झाली ७५ सेकंद.

पन्नास आणि पंच्याहत्तर यातला फरक किती? आठ तासांचे २८,८०० सेकंद. ७५ ने भागलं तर ३८४ फेऱ्या, ५० ने भागलं तर ५७६. रेटिंग आणि सवलत हे दोन रकाने वहीत भरायला आळस केला तर एका माणसाकडून १९२ फेऱ्या जास्तीच्या मागितल्या जातात, आणि वर "शास्त्रीय पद्धतीने ठरवलंय" असं म्हणता येतं! परीक्षेत सवलतीची टक्केवारी दिलेली असते, आपण ती सूत्रात टाकतो. प्रत्यक्षात तो आकडा म्हणजे कुणाची तरी कंबर असते.

आणि उभं राहून मोजायचं नसेल तर वर्क सॅम्पलिंग आहे. टिपेट या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात कापड गिरण्यांसाठी ते वापरात आणलं. दिवसभरात यादृच्छिकपणे निवडलेल्या वेळी नुसती नजर टाकायची आणि माणूस किंवा यंत्र चालू आहे की थांबलंय एवढंच लिहायचं. यंत्र ३० टक्के वेळ थांबतं असा अंदाज असेल आणि पाच टक्क्यांच्या आत चूक हवी असेल, तर ९५ टक्के खात्रीसाठी ४ गुणिले ०.३ गुणिले ०.७ भागिले ०.०५ चा वर्ग, म्हणजे ३३६ नोंदी लागतात. दोन मित्रांनी आठवडाभरात सहज होण्यासारखं काम आहे.

लोक घड्याळाला का घाबरतात

मावशींचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही, म्हणून परत आल्यावर लायब्ररीत थोडं वाचलं. हा प्रश्न फार जुना निघाला. १९११ मध्ये अमेरिकेत वॉटरटाऊनच्या सरकारी शस्त्रागारात स्टॉपवॉच घेऊन माणूस उभा केला तेव्हा ओतकाम करणाऱ्या कामगारांनी संप केला. प्रकरण अमेरिकन काँग्रेसच्या चौकशीपर्यंत गेलं, आणि पुढे अशा सरकारी कारखान्यांत वेळ मोजण्यावर पैसा खर्च करायलाच काही वर्षं बंदी आली.

आपल्याकडे मुंबईत १९२८ मध्ये याहून मोठं घडलं. ससून गटाच्या गिरण्यांत 'एफिशियन्सी' योजना आणली गेली. विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळायचे, कताईवाल्याने एकाऐवजी दोन बाजू. त्यातून पेटलेला संप एप्रिल ते ऑक्टोबर असा जवळजवळ सहा महिने चालला, सुमारे दीड लाख गिरणी कामगार त्यात होते. गिरणी कामगार युनियन त्याच वर्षी उभी राहिली. त्या कामगारांत कोकणातून, घाटावरून आलेली माणसं होती. त्यांचं म्हणणं साधं होतं. एक माणूस तीन माग सांभाळणार असेल तर तिसऱ्या मागावरचा माणूस कुठे जाणार? आणि वाढलेल्या कामाचा पैसा कुणाकडे जाणार?

आमच्या खळ्यावरही हेच झालं, फक्त लहान प्रमाणात. चार दिवसांचं शिजवणं तिसऱ्या संध्याकाळी संपलं. वडील खूश, कुकरवाला खूश (त्याचं गुत्तं होतं, एक दिवस आधी तो दुसऱ्या खळ्यावर गेला), मी तर फारच खूश. संध्याकाळी पैसे घेताना मावशी हसून म्हणाल्या, "बापू, तुझ्या अभ्यासानं आमचा एक रोज बुडाला की रे."

त्यांचं कंबरदुखीचं काम कमी झालं होतं हे खरं. आणि चौघींचा एकेक रोज गेला हेही खरं. सूचना त्यांची, ओटा त्यांचा, आणि फायदा रोजाने येणाऱ्याला सोडून बाकी सगळ्यांना. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "मग एवढं शिकून तुला हे आधी कळलं नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या वर्षी आईने चौघींना पॉलिशच्या आधीच्या निवडणीला बोलावलं, पण तो काही नियम नव्हता, आईचा स्वभाव होता.

यंदाच्या हंगामात त्या बायकांनीच वडिलांशी बोलून क्विंटलमागे उक्तं ठरवून घेतलं. आता काम लवकर संपलं तर वाचलेला दिवस त्यांचा असतो, दुसरीकडे जायला मोकळ्या. गंमत म्हणजे, आता ढीग कुठे पडतोय याकडे ट्रॅक्टरवाल्याच्या मागे त्याच लागतात, बैलगाडी आडवी लावावी लागत नाही. 'टिकवणं' हा सहावा टप्पा फायद्याच्या वाटणीवर अवलंबून आहे, हे कुठल्या नोट्समध्ये मला सापडलं नव्हतं.

शेतातल्या बायकांच्या कष्टावर अभ्यास होत नाही असं नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठात गृहविज्ञान शाखेने शेतकरी महिलांचे श्रम मोजून ते कमी करणारी साधी अवजारं तयार करण्याचं काम केलेलं आहे. ते आपल्या इंजिनीअरिंगच्या मुलांनी पाहिलं पाहिजे. आपण प्रोजेक्टसाठी पुण्या-मुंबईच्या कंपनीची परवानगी शोधत फिरतो, आणि खळं, जिनिंग, दाळमिल, दूध संकलन केंद्र आपल्या घराशेजारी असतं.

आता आपल्या हॉस्टेलकडे

हे सगळं वाचून "आम्ही काय करू?" असं कुणी विचारेल, तर मेसपासून सुरुवात करा. रात्री साडेआठची रांग आपण सगळे रोज पाहतो. ताटं एका टोकाला, वाट्या-चमचे दुसऱ्या टोकाला, भाजी मध्ये आणि पोळ्या शेवटी. भाजी घ्यायला फार वेळ लागत नाही, रांग अडते ती पोळीपाशी. मग भाजीवाढप्याला "लवकर वाढ" म्हणून ओरडण्यात अर्थ आहे का? अडणारी जागा तवा आहे. रांगेच्या आधीच्या अर्ध्या तासात किती पोळ्या करून झाकून ठेवता येतात, कणीक मळायची जागा तव्यापासून किती पावलांवर आहे, पोळपाटाची उंची लाटणाऱ्या काकूंच्या कमरेला जुळते का, हे आधी बघा. आणि हो, बघायच्या आधी काकूंना विचारा. वही उघडण्याआधी, मोबाईल काढण्याआधी. त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे, फक्त त्यांना कुणी विचारलेलं नाही.

तीच गोष्ट सबमिशनच्या दिवशी जर्नल तपासायच्या रांगेची, लायब्ररीच्या काउंटरची आणि वर्कशॉपमधल्या टूल रूमची. शिक्षक आणि कार्यालयातील मंडळींनाही विनंती की एखादा ग्रुप असा अभ्यास करायला आला तर त्याला पळवून लावू नये. पण त्या ग्रुपनेही तीन प्रश्नांची उत्तरं पहिल्या पानावर लिहून आणावीत. एक, हे काम करणाऱ्या माणसाला आम्ही आधी विचारलं का? दोन, अडणारी जागा कुठली? तीन, जो वेळ वाचेल तो कुणाचा?

पहिल्या दोन प्रश्नांना सिलॅबसमध्ये मार्क आहेत. तिसऱ्याला नाहीत. पण पुढे आपल्यापैकी बरेच जण कुठेतरी शॉप फ्लोअरवर हातात घड्याळ घेऊन उभे राहणार आहोत, आणि तेव्हा समोरचा माणूस हाच प्रश्न विचारणार आहे. तो मोठ्याने विचारेल किंवा मनातल्या मनात विचारेल, एवढाच फरक.

मी पुढच्या सुट्टीत घरी जाईन तेव्हा वाळवणीची जागा बघायची आहे. उन्हात हळद पसरवणं आणि पालटणं हे काम त्याच चौघी करतात. या वेळी घड्याळ खिशात ठेवणार आहे. आधी मावशींना विचारेन.